वर्दीतला बाप : दिल्लीच्या गुन्हे-चित्रकथेतील पोरके नायक

हिंदी चित्रकथेचा इतिहास कोणी लिहावयास घेतला तर त्याची निम्मी पाने दिल्लीतील प्रकाशकांवरच खर्ची पडतील. प्राण यांच्या चाचा चौधरीला घरोघर पोहोचवणारी डायमंड कॉमिक्स ही संस्था दिल्लीची, मनोज कॉमिक्स दिल्लीचे, आणि ज्यांच्या नायकांनी १९८६ नंतरच्या दशकात हिंदी भाषक मुलांच्या मनाचा ताबा घेतला ते राज कॉमिक्सही दिल्लीच्याच उत्तर टोकाला, बुराडी येथे जन्मास आले. हे वाङ्मय मराठी मुलांनीही वाचले आहे. नागपूर-अमरावतीकडे, मराठवाड्यात आणि मुंबईच्या उपनगरांत स्टेशनावरील पुस्तकांच्या दुकानांतून आणि दिवसाच्या भाड्याने अंक देणाऱ्या टपऱ्यांतून ते मूळ हिंदीतच वाचले गेले. मराठी समीक्षेने मात्र त्याची दखल घेतलेली नाही. जे शाळेच्या दप्तरात लपवून ठेवावे लागते त्याला वाङ्मय म्हणावे की नाही, या शंकेतच आपली समीक्षा अडकून पडली असावी.

या उपेक्षेमुळे एक महत्त्वाची गोष्ट नजरेतून सुटली. दिल्लीच्या गुन्हे-चित्रकथेने पोरक्या मुलाच्या घडणीची कथा पुन्हापुन्हा सांगितली आहे, आणि प्रत्येक वेळी त्या मुलाला एक दत्तक बाप दिला आहे. हा बाप कोण, पोलीस की दरोडेखोर, यावर त्या त्या कथेची सारी नीती ठरते. मूल मोठे होणे म्हणजे काय, मैत्रीला जागायचे की कायद्याला, रक्ताच्या नात्याने गुन्हा केला तर कोणाची बाजू घ्यायची, हे प्रश्न या स्वस्त, भडक रंगांच्या अंकांनी आपल्या परीने हाताळले आहेत. ते कितपत प्रामाणिकपणे हाताळले, हे तपासण्यासाठी अनुपम सिन्हा यांच्या 'सुपर कमांडो ध्रुव' या मालिकेइतके सोयीचे दुसरे उदाहरण नाही. तिचा पहिला अंक 'प्रतिशोध की ज्वाला' १९८७ साली राज कॉमिक्सने प्रसिद्ध केला.

ध्रुवाकडे वळण्यापूर्वी त्याच्या एका पूर्वसूरीची आठवण करून देणे आवश्यक आहे. टाइम्स समूहाचे 'इंद्रजाल कॉमिक्स' १९६४ ते १९९० या काळात मुंबईहून निघत असे आणि मराठीतही प्रसिद्ध होत असे. वेताळ आणि मँड्रेक या परदेशी नायकांच्या सोबतीला १९७६ मध्ये त्यात एक देशी नायक आला, तो आबिद सुरती यांचा बहादूर. गोविंद ब्राह्मणिया यांनी त्याला रूप दिले : अंगात भगवा कुर्ता, खाली जीन्स. बहादूरचा बाप दरोडेखोर होता. विशाल या पोलीस अधिकाऱ्याच्या हातून तो मारला गेला आणि त्याच विशालने पोरक्या बहादूरला मुलासारखे वाढवले. ज्याने बापाला मारले त्याच्याच घरात वाढायचे, त्याचेच अन्न खायचे, आणि मनात सुडाची आग बाळगायची, ही परिस्थिती कोणत्याही गंभीर कादंबरीला पुरेल इतकी कठीण आहे. सुरतींनी तिचा निकाल पहिल्याच कथेत लावला. बहादूरला बापाचे खरे रूप कळते, सूड विरतो, आणि पुढे तो 'नागरिक सुरक्षा दल' उभारून दरोडेखोरांशी झुंजतो. आणीबाणीच्या अखेरच्या महिन्यांत वाचकांपुढे आलेल्या या कथेत रक्ताचा बाप हरतो आणि शासनाचा बाप जिंकतो. या योगायोगाला फार अर्थ चिकटवू नये हे खरे, पण तो नजरेआड करण्याजोगाही नाही.

ध्रुवाची कथा हीच घडी वेगळ्या रीतीने घालते. श्याम आणि राधा हे ज्युपिटर सर्कशीतील झुल्यावरचे कसरतपटू. त्यांचा मुलगा ध्रुव तंबूतच वाढतो, आणि सर्कशीतला प्रत्येक कलावंत त्याला आपली विद्या देतो. कोणी नेमबाजी शिकवतो, कोणी मोटरसायकलीवरचे धाडस, कोणी तोल सांभाळणे. ज्युपिटरच्या यशाने ग्लोब सर्कस या प्रतिस्पर्धी कंपनीचा धंदा बसतो. मत्सरातून तंबूला आग लावली जाते आणि त्या आगीत ध्रुवाचे आईबाप जळून मरतात. उरलेल्या मुलाला राजन मेहरा हे वरिष्ठ पोलीस अधिकारी आपल्या घरी नेतात. त्या घरात पत्नी रजनी आणि मुलगी श्वेता आहेत. ध्रुव गुन्हेगारांचा माग काढतो, आणि सर्कशीतला तोच निळा-पिवळा पोशाख अंगावर ठेवून आयुष्यभर गुन्ह्यांशी लढत राहतो.

या आरंभावर अमेरिकी छाप आहे हे कोणीही सांगेल. बॅटमनचा साथीदार रॉबिन १९४० मध्ये अवतरला तो झुल्यावरच्या कसरतपटूंचा मुलगा म्हणूनच. त्याचेही आईबाप गुन्हेगारांनी मारलेले आणि त्यालाही दुसऱ्याने आश्रय दिलेला. परंतु उसनवारी सिद्ध केली की काम संपले असे मानणारी समीक्षा आळशी असते. रॉबिनला आश्रय देणारा ब्रूस वेन गर्भश्रीमंत आहे, मुखवटा घालून रात्री हिंडतो आणि कायद्याला समांतर असे आपले न्यायदान चालवतो. ध्रुवाला आश्रय देणारा राजन मेहरा पगारी सरकारी नोकर आहे. त्याच्या अंगावर मुखवटा नाही, खाकी वर्दी आहे. ध्रुवही मुखवटा घालत नाही. त्याचा चेहरा आणि नाव साऱ्या राजनगरला ठाऊक असते. अमेरिकी कथेतील श्रीमंत पालकाच्या जागी दिल्लीच्या चित्रकथाकाराला पोलीस अधिकारी बसवावासा वाटला, यात त्या समाजाची एक जुनी आकांक्षा व्यक्त झाली आहे. मध्यमवर्गीय हिंदी भाषक घरात मुलगा 'अफसर' व्हावा ही इच्छा असते. इथे मुलाला अफसर बापच मिळतो.

मराठी वाचकाच्या दृष्टीने ज्युपिटर सर्कशीला आणखी एक संदर्भ आहे. भारतीय सर्कशीची सुरुवात विष्णुपंत छत्रे यांनी १८८० मध्ये केली, आणि त्यानंतर कित्येक दशके या धंद्यावर सांगली-मिरजेकडच्या माणसांची छाप होती. पुण्याचे दामू धोत्रे तर अमेरिकेच्या रिंगलिंग सर्कशीपर्यंत पोहोचले, आणि त्यांच्या आत्मकथनाच्या नावातच वाघसिंहांना त्यांनी सखेसोबती म्हटले आहे. सर्कस ही जात, गाव, भाषा मागे टाकून पोटासाठी एकत्र आलेल्यांची वसाहत असते. तिच्यात नाते जन्मावरून ठरत नाही, झुल्यावर कोणी कोणाचा हात वेळेवर पकडला यावरून ठरते. सिन्हांनी ध्रुवाचे पहिले कुटुंब अशा ठिकाणी वसवले ही त्यांची खरी सूझ होय. त्याला शिकवणारे सारे जण आईबापांचे सहकारी आहेत आणि त्याचे मित्रही. त्या तंबूत वडीलधारा आणि सवंगडी असा भेद उरत नाही. म्हणून आगीत त्याचे घर, शाळा आणि मैत्री एकाच वेळी जळतात. पुढच्या शेकडो पानांत त्याला पुन्हा घर मिळते, कीर्ती मिळते, पण ते बिनभेदाचे सवंगडीपण काही मिळत नाही.

ध्रुवाला पशुपक्ष्यांची भाषा समजते. चित्रकथेच्या परिभाषेत ही त्याची 'शक्ती' मानली जाते. बाकी तो सामान्य माणूसच : उडत नाही, विष सोडत नाही, गोळी लागली तर जखमी होतो, अडचणीतून सुटतो तो शाळेतल्या विज्ञानाच्या जोरावर. परंतु ही भाषा म्हणजे त्याची सिद्धी नसून त्याचे बालपण होय. पिंजऱ्यांच्या आसपास खेळत वाढलेल्या मुलाकडे जळून गेलेल्या घराचे जे एकमेव चालते-बोलते अवशेष राहिले ते हेच. संकटात तो पक्ष्यांना हाक मारतो तेव्हा वाचकाला युक्ती दिसते. सावकाश वाचणाऱ्याला मात्र ती सवंगड्यांना घातलेली साद वाटते. सिन्हांना हे सारे अभिप्रेत होते असा दावा करण्याचे कारण नाही. कथेच्या रचनेतच ते आहे.

मात्र इथे एक प्रश्न लेखकाने टाळला आहे. त्या सिंहांना आणि हत्तींना ती सर्कस घर वाटत होती काय? १९९८ मध्ये केंद्र सरकारने वाघ, सिंह, अस्वल, माकड आदी प्राण्यांना खेळांसाठी शिकवण्यास आणि नाचवण्यास मनाई केली. आजचा तरुण वाचक त्या मनाईनंतरचा आहे, त्यामुळे ज्युपिटर सर्कशीतला सलोखा त्याला पूर्वीइतका निरागस वाटणार नाही. ज्याला प्राण्यांची भाषा कळते त्याने चाबकाबद्दलची त्यांची तक्रार कधी ऐकली नसेल, हे पटत नाही. दामू धोत्र्यांच्या सख्यसोबतीतही भीती आणि जरब यांचा अंश होताच. चित्रकथेला तो अंश परवडला नाही.

नायकाचे नावही विचार करण्याजोगे आहे. पुराणातला ध्रुव हा उत्तानपादाचा मुलगा. सावत्र आई सुरुची त्याला बापाच्या मांडीवर बसू देत नाही, तेव्हा तो वनात जाऊन तप करतो आणि अढळपद मिळवतो. त्या ध्रुवाला बाप होता, मांडी नव्हती. या ध्रुवाचा बाप जळून गेला आणि परक्याने मांडी दिली. पुराणकथेत दुखावलेले मूल घर सोडून आकाशात जाते, चित्रकथेत ते पोलीस अधिकाऱ्याच्या बंगल्यात येते. कमरपट्ट्यावरचा तारा तेवढा दोघांना जोडतो. पण अढळपदाची कल्पना या मालिकेला दुसऱ्या, काहीशा दुर्दैवी अर्थानेही लागू पडते, आणि इथेच तिच्या मर्यादेला स्पर्श होतो.

घडणीच्या कथेत नायक बदलला पाहिजे. मराठीत 'कोसला' (१९६३) पासून आपण हे जाणतो. प्रकाश नारायण संतांचा लंपन ('वनवास', १९९४) आईबापांपासून दूर आजीआजोबांकडे वाढतो, आणि त्या दुराव्याचे सल हळूहळू त्याच्या भाषेतच उतरते. ध्रुव मात्र पहिल्या अंकाच्या अखेरीस घडून संपतो. शीर्षकात 'प्रतिशोध' असला तरी त्या सुडाचे रूपांतर कायदारक्षणात होते, जीव न घेण्याचे व्रत येते, आणि त्यानंतर तो अढळ होतो. वाचक दरवर्षी एक इयत्ता पुढे जात होते, ध्रुव आपल्या जागी उभा होता. अंकामागून अंक काढणाऱ्या धंद्याचा हा नियमच आहे. नायक म्हातारा होऊन चालत नाही. परंतु लेखकाला स्वतःलाही हे खटकत असावे, कारण दोन दशकांहून अधिक काळ लोटल्यावर सिन्हा 'बालचरित' या मालिकेद्वारे ध्रुवाच्या सर्कशीतल्या दिवसांकडे पुन्हा वळले. पहिल्या अंकात धावत्या पानांवर उरकलेले बालपण त्यांना नव्याने, सविस्तर सांगावेसे वाटले. राहून गेलेले काय होते, हे त्या परतण्यातून कळते.

थिजण्याचे दुसरे कारण अधिक खोल आहे. ध्रुवाची कुटुंबनिष्ठा आणि त्याची कायद्यावरची निष्ठा यांत मालिकेच्या मूळ रचनेत कधी भांडण लागतच नाही. ज्या बापाचे ऐकायचे तोच बाप कायदा आहे. जेवणाच्या टेबलावर आज्ञाधारक राहणे आणि शहराचे रक्षण करणे ही एकच क्रिया होऊन बसते. बहादूरला निदान एक रात्र तरी झोप लागली नसेल. ध्रुवाला तशी रात्र येत नाही. हिंदी भाषक प्रदेशातल्या लक्षावधी मुलांच्या हाती दिलेल्या या कथेने त्यांना शौर्य, विज्ञानाची गोडी आणि दुर्बलांविषयीची कणव दिली हे मान्य करूनही म्हणावे लागते की, वर्दी चुकू शकते ही शंका तिने त्यांच्या मनात येऊ दिली नाही. हा दोष किरकोळ नव्हे. राजन मेहरा हा इतका निष्कलंक अधिकारी आहे की त्याच्या घरात वाढलेल्या मुलाला नैतिक प्रश्न पडण्याची सोयच उरत नाही.

हा प्रश्न ज्याच्या वाट्याला यायला हवा होता तो ध्रुव नव्हे, तर नताशा. सिन्हांच्या सर्जनशक्तीचा खरा पुरावा हे पात्र आहे. ग्रँड मास्टर रोबो हा अर्धा मानव, अर्धा यंत्र असा गुन्हेगारी साम्राज्याचा अधिपती. नताशा त्याची मुलगी आणि त्याच्याच सेनेतील कमांडर. तिला शत्रू म्हणून ध्रुव भेटतो आणि ती त्याच्या प्रेमात पडते. इथून पुढे तिची जी ओढाताण होते ती खरी घडण आहे. बाप गुन्हेगार आहे हे तिला ठाऊक आहे, पण तो बाप आहे. त्याने तिला वाढवले, शिकवले, आपल्या शेजारी उभे केले. बापाचा मार्ग सोडायचा तर बापाला सोडावे लागते, आणि बापाला सोडले तर ज्या हातांनी तिला चालायला शिकवले ते हातच नाकारावे लागतात. ध्रुवाच्या बाजूला येऊनही तिच्या मनातले हे खेचणे थांबत नाही. मालिकेतील सर्वांत जिवंत चौकटी तिच्या आहेत. बापाचा एक डोळा माणसाचा आणि दुसरा यंत्राचा, ही निव्वळ चित्रकाराची लहर असेल, तरी मुलीच्या बाजूने पाहिले असता ती फार बोलकी ठरते. त्या चेहऱ्याच्या कोणत्या अर्ध्या भागाशी बोलायचे, हेच तिला दर वेळी ठरवावे लागते.

तरीही नताशा नायिका होत नाही, 'नायकाची प्रेयसी' होते. तिच्या द्वंद्वाला स्वतःचे अंक मिळत नाहीत, ध्रुवाच्या साहसाच्या कडेकडेने ते चालते. मुलांसाठी, आणि प्रकाशकांच्या हिशोबाने मुलग्यांसाठी, काढलेल्या अंकांत हे अटळ होते असे म्हणून हा मुद्दा सोडून देता येईल. पण तसे सोडून दिले तर त्या काळातल्या ज्या मुलींनी हे अंक भावाच्या उशाखालून काढून वाचले त्यांच्यावर अन्याय होईल.

मेहरांच्या घरातली श्वेता हे याच अन्यायाचे अधिक गमतीदार रूप आहे. ती ध्रुवाची मानलेली बहीण. विज्ञानात हुशार, भावाची उपकरणे घडवणारी. तीच चंडिका हे रूप घेऊन गुन्हेगारांशी लढते, आणि ही गोष्ट ज्याच्यापासून लपवायची तो ध्रुवच. मुखवटा न घालणाऱ्या भावाच्या घरात बहीण मुखवटा घालते. रक्ताच्या मुलीला आपले धाडस लपवावे लागते आणि दत्तक मुलाचे धाडस जगजाहीर असते. घराघरांतल्या भारतीय वास्तवाची इतकी नेमकी नोंद लेखकाने कितपत जाणीवपूर्वक केली हे सांगणे कठीण आहे, पण ती झाली आहे.

मैत्रीच्या बाबतीत मालिकेचा हात आखडता आहे. ध्रुव कमांडो फोर्स उभारतो, तिच्यात पीटर, रेणू आणि करीम हे सहकारी असतात. नावांची ही निवड 'अमर अकबर अँथनी' (१९७७) पाहिलेल्या पिढीला समजावून सांगण्याची गरज नाही. बहादूरच्या नागरिक सुरक्षा दलाचीच ही पुढची आवृत्ती. पण सर्कशीतल्या मैत्रीत कोणी कोणाचा अधिकारी नव्हता, कमांडो फोर्समध्ये ध्रुव कॅप्टन आहे आणि बाकीचे कॅडेट. सवंगड्यांची जागा हाताखालच्या माणसांनी घेतली. बालपणीची मैत्री प्रौढ जगात कशी नासते याचे हे चित्रण ठरले असते, परंतु लेखकाला ते नासणे दिसत नाही. त्याला ती प्रगती वाटते.

ही सारी कथा दिल्लीत रचली गेली, आणि तिच्यात दिल्ली नाही. राजनगर हे काल्पनिक शहर आहे. त्याला समुद्रकिनारा आहे आणि दिल्लीला यमुनेवर समाधान मानावे लागते. काल्पनिक शहरामुळे लेखकाला मोकळीक मिळाली, पण त्याबरोबर प्रकाशनाच्या दाराबाहेरचे जगही कथेच्या बाहेर राहिले. १९८७ च्या दिल्लीत आगीने कुटुंबे संपवल्याच्या आठवणीला तीनच वर्षे झाली होती. १९८४ च्या नोव्हेंबरात शीखविरोधी हिंसाचारात पोरकी झालेली मुले त्याच शहरात वाढत होती, आणि त्या दिवसांत वर्दी कुठे होती हा प्रश्न चौकशी समित्यांपुढे होता. 'प्रतिशोध की ज्वाला' मध्ये या घटनेचा कोणताही निर्देश नाही. तो शोधून काढण्याचा अट्टाहास समीक्षेने करू नये. परंतु आग लावून संपवलेले कुटुंब, वाचलेला मुलगा आणि त्याला हात देणारा पोलीस अधिकारी, ही कथा त्या शहरात त्या वर्षी छापली गेली, हे सत्य पुस्तकाबाहेर उभे आहेच. घडायला हवे होते ते घडले अशी ही कथा आहे.

बुराडीच्या या कारखान्यात मराठी हातही राबले आहेत. राज कॉमिक्सचा पहिला मोठा नायक नागराज १९८६ मध्ये आला. परशुराम शर्मा यांच्या लेखनाला चित्ररूप दिले ते पुण्याच्या प्रताप मुळीकांनी. 'अमर चित्र कथा' मधून देवादिकांची आणि ऐतिहासिक पुरुषांची चित्रे काढून सिद्ध झालेला त्यांचा हात नागराजाच्या देहाला एक शिल्पासारखी ठेवण देतो. शर्मा हे हिंदी पॉकेट-बुकांच्या दुनियेतले लेखक, आणि राज कॉमिक्स हे राजा पॉकेट बुक्स या प्रकाशनाचेच अपत्य. रहस्याची फिरकी, प्रकरणाच्या अखेरीस लोंबकळत ठेवलेला प्रसंग, संवादांतली आव्हाने, हे सारे त्या स्वस्त कादंबऱ्यांतून चित्रकथेत आले. आपल्याकडे बाबूराव अर्नाळकरांनी झुंजार आणि काळा पहाड यांच्याद्वारे जे केले त्याचेच हे उत्तर भारतीय भावंड. सिन्हांचे वेगळेपण असे की ते स्वतः लिहीत आणि स्वतःच चित्रे काढीत. त्यामुळे त्यांच्या पानांत शब्द चित्राला आणि चित्र शब्दाला उगाच आडवे येत नाही. संवादफुगे मात्र अनेकदा इतके भरगच्च होतात की मारामारीच्या मध्यावर पात्रे विज्ञानाचा तास घेऊ लागतात.

ध्रुवानंतर काही वर्षांनी, १९९० च्या दशकाच्या आरंभी, याच प्रकाशनाने डोगा हा नायक आणला, आणि वर्दीतल्या बापाच्या कल्पनेला तिच्याच घरातून उत्तर मिळाले. तरुणकुमार वाही आणि संजय गुप्ता यांची निर्मिती, चित्रे मनु यांची. डोगाचे शहर काल्पनिक नाही, ते मुंबई आहे. दिल्लीत बसून रेखाटलेली ही मुंबई गल्ल्या, गटारे आणि झोपडपट्ट्यांची आहे, आणि पहिल्या अंकाचे नावच 'कर्फ्यू' आहे. कचऱ्याच्या ढिगावर टाकलेले एक मूल हलकानसिंग या दरोडेखोराच्या हाती लागते. तो त्याला वाढवतो ते मुलासारखे नव्हे, कुत्र्यासारखे. बहादूरचा जन्मदाता दरोडेखोर होता आणि पालनकर्ता पोलीस. इथे पालनकर्ताच दरोडेखोर आहे. त्या अन्नाला जागायचे की नाही, हा प्रश्न या मुलापुढे कोणत्याही आडपडद्याविना येतो. त्या पालनातून सुटून मुंबईला आल्यावर त्याला दुसरा बाप मिळतो तो अदरक चाचा, लायन जिममध्ये तरुणांना घडवणारा एक मुसलमान उस्ताद. तो सरकारचा कोणी नाही. घामाचा आणि वजनांचा तेवढा त्याचा अधिकार. ज्युपिटरच्या तंबूशी नाते सांगणारी जागा या साऱ्या वाङ्मयात कोणती असेल, तर ती ही तालीम. तिथेही विद्या हातातून हातात जाते आणि नाते श्रमावर ठरते.

डोगाने ध्रुवापुढे टाकलेले पाऊल इथे संपते. दिवसा सूरज म्हणून तालमीत शिकवणारा हा तरुण रात्री कुत्र्याचा मुखवटा चढवून गुन्हेगारांना गोळ्या घालतो, आणि मालिका त्या गोळ्यांवर टाळ्या मिळवते. समस्या मुळापासून उखडून टाकण्याची त्याची भाषा त्या दशकातल्या चकमकींच्या बातम्यांशी अस्वस्थ करणारे साम्य दाखवते. ध्रुवाच्या कथेत कायद्याविषयी शंका नव्हती, डोगाच्या कथेत बंदुकीविषयी नाही. तथापि डोगाच्या लेखकांनी एक गाठ अशी बांधली की ती सहज सुटत नाही. सूरजचे प्रेम मोनिकावर आहे, आणि मोनिका ही इन्स्पेक्टर चीताची बहीण. डोगाच्या मागावर असलेला पोलीस तोच. वर्दी इथे बापाच्या अंगावर नाही, होऊ घातलेल्या मेहुण्याच्या अंगावर आहे, आणि तिच्यासमोर बसून चहा पिताना मुखवटा कुठे ठेवायचा हे त्या पोराला ठरवावे लागते.